पंधरा जूनचे देणे

महाराष्ट्रातील चौतीस जिल्हा परिषदांच्या सुमारे साठ हजार शाळांचे दरवाजे दरवर्षी १५ जूनच्या सुमारास, आणि जेथे जून निम्मा उलटला तरी उन्हाची काहिली शमत नाही त्या विदर्भात त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, पुन्हा उघडतात, तेव्हा चौकटीला आंब्याच्या पानांचे तोरण असते, गावातून प्रभातफेरी निघते, कोठे सजविलेल्या बैलगाडीतून पहिलीच्या मुलांची मिरवणूक येते, पाहुणे म्हणून आलेला अधिकारी नव्या मुलाच्या हाती गुलाबाचे फूल व कोरे पाठ्यपुस्तक ठेवतो आणि दुपारच्या आहारात त्या दिवसापुरता एखादा गोड पदार्थ असतो. शासनाच्या परिपत्रकांतून या समारंभास ‘प्रवेशोत्सव’ म्हणतात. ज्या मुलाच्या घराण्यात यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही, त्याचे गावाने वाजतगाजत स्वागत करावे ही गोष्ट लहान नाही, आणि तिचे मोल मी मनापासून मानतो. परंतु या दिवसाला आणखी एक अंग आहे, आणि ते मला समारंभाहून अधिक महत्त्वाचे वाटते. शासनाने कायद्याने बालकाला जे देणे मान्य केलेले आहे, त्याची मुदत त्या दिवशी भरते. उत्सव चांगला झाला की नाही हा प्रश्न गौण आहे. देणे चुकते झाले की नाही, हा खरा प्रश्न आहे.

हे देणे शासनाकडे आले कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सक्तीच्या शिक्षणाची कल्पना आपल्या प्रदेशात आली ती पालकावरील सक्तीच्या रूपाने. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात तिचा पहिला प्रयोग केला आणि १९०६ साली ती सबंध बडोदे संस्थानास लागू केली. ब्रिटिश हिंदुस्थानात तेच तत्त्व अत्यंत सौम्य स्वरूपात आणू पाहणारे गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी कायदेमंडळात अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. त्या काळी रयतेच्या घरी रुपयाचे मोल काय होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या हुकमामागचा निश्चय किती कठोर होता ते कळते. पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमातही हीच दिशा कायम राहिली : मूल शाळेत न आल्यास जाब विचारायचा तो आईबापाला.

२००९ साली संसदेने केलेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ही दिशा उलटी फिरविली, आणि हे परिवर्तन आपल्या सार्वजनिक चर्चेत जितके उमटावयास हवे होते तितके उमटलेले नाही. त्या कायद्याच्या आठव्या कलमात सक्तीची जी व्याख्या आहे, तीत सक्तीचा भार सरकारवर आहे : सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षण उपलब्ध करून देणे आणि त्याचा प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता यांची हमी घेणे. पालकाचे कर्तव्य सांगणारे कलम कायद्यात आहे, पण त्याला दंडाची जोड नाही. आठव्याला लागूनच असलेले नववे कलम तीच कर्तव्ये स्थानिक प्राधिकरणावर सोपविते : शाळेची इमारत, शिक्षक आणि अध्ययनसाहित्य पुरविणे, आपल्या हद्दीतील बालकांची नोंद ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश होईल हे पाहणे, आणि (हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल) शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरविणे. आपल्या ग्रामीण भागात हे स्थानिक प्राधिकरण म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषद. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. राज्याने खेड्यातील सामान्य माणसाच्या हाती दिलेल्या सत्तेत याहून मोठी ठेव दुसरी नव्हती.

शाळा उघडते १५ जूनला, पण ती उघडण्याचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. मार्च-एप्रिलमध्ये शिक्षक घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतात; अंगणवाडीच्या नोंदी, जन्मनोंदी आणि आयांच्या सांगण्यातील आठवणी यांचा मेळ घालून ३१ डिसेंबरपर्यंत कोणाची सहा वर्षे पुरी होतात ते ठरवितात. २०२२ पासून याच सुमारास शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. तेथे मूल रंग ओळखते, उड्या मारते, वस्तूंचे गट लावते, आणि सुट्टीत घरी काय करून घ्यावे हे मातांच्या गटांना समजावून दिले जाते. अलीकडच्या सरकारी उपक्रमांत इतका समंजस उपक्रम मला दुसरा दिसत नाही. बालभारतीची पुस्तके भांडारातून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला आणि केंद्राहून, बहुधा एखाद्या गुरुजींच्या दुचाकीवरून, शाळेत पोचतात. पावसाळा तोंडावर आलेला असतो. कोकणात तर शाळा आणि पाऊस जवळजवळ हातात हात घालून येतात, म्हणून कौले चाळणे, पत्रे बदलणे, भिंतींची ओल पाहणे हे सारे मे महिन्यातच उरकावे लागते. तांदूळ व डाळी यांची शिल्लक मोजणे, स्वयंपाकीण बाईंचा करार, पाण्याची टाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार, दाखलखारीज रजिस्टराची नवी पाने, हजेरीपटावरील नावे : यांतील प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी कष्टाने आणि कोणाच्या तरी मंजुरीने घडते. कष्ट करणारा गावात असतो आणि मंजुरी देणारा दूर असतो, या अंतरातच आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

२०२४ साली गणवेशाच्या बाबतीत जे घडले त्यात हे मूळ स्पष्ट दिसले. समग्र शिक्षा योजनेत गणवेशाच्या एका जोडासाठी तीनशे रुपये या हिशेबाने मुलामागे दोन जोडांचे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत, समिती कापड निवडी, आणि गावातला अथवा जवळच्या बाजारपेठेतला शिंपी मुलांची मापे घेऊन कपडे शिवी. या व्यवस्थेत दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. रक्कम अपुरी असे, ती उशिरा येई, आणि कोठे कोठे कापडाच्या खरेदीत हितसंबंधही गुंतत. त्यावर उपाय म्हणून सबंध राज्याला एक गणवेश ठरवून कापडाची खरेदी राज्यपातळीवर करण्याचे आणि ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. हेतू वाईट नव्हता. एकगठ्ठा खरेदीत दर्जा राखता येईल, गावोगावच्या मुलांत दिसणारा भेद नाहीसा होईल आणि गरीब स्त्रियांना शिलाईचे काम मिळेल, या तिन्ही अपेक्षा आदरास पात्र होत्या. परंतु शाळा सुरू झाली तरी कापड पोचले नव्हते. पोचले तेथे शिलाई झाली नव्हती. शिवलेले गणवेश आले तेव्हा ते कित्येकांच्या अंगाला बसेनात, कारण ज्या मुलाच्या अंगावर ते चढायचे होते त्याचे माप घेणारे कोणी त्या साखळीत नव्हतेच. अनेक शाळांत स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन जुन्या गणवेशात झाले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय फिरवून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

निर्णय फिरविला म्हणून शासनास दोष देण्याची माझी इच्छा नाही. चुकलेली वाट सोडणे हे धैर्याचेच काम आहे. मला विचार करावासा वाटतो तो या प्रकरणामागच्या धारणेचा. स्थानिक कारभारात भ्रष्टाचार होतो, सबब अधिकार वर न्यावा, ही धारणा आपल्या प्रशासनात इतकी रुजली आहे की तिचा पुनर्विचार करण्याची गरजही कोणाला भासत नाही. वास्तविक गावातल्या खरेदीत खोट असेल तर ती गावात दिसते. कापड विरले की आई ते हातात धरून समितीच्या सदस्याच्या अंगणात उभी राहू शकते. आणि कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत व एकूणांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले असल्यामुळे, ती सदस्य बहुधा दुसऱ्या एका मुलाची आई असते. तीच खोट राज्याच्या खरेदीत राहिली, तर तक्रार करणाऱ्या आईला उत्तर देणारा माणूस तिच्या तालुक्यात नसतो. गावपातळीवरचा दोष लहान व उघड असतो आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होऊ शकतो. वरचा दोष एकाच वेळी साऱ्या राज्याला भोवतो. दर्जाची हमी हवी असेल तर कापडाचा नमुना आणि किमान कस राज्याने ठरवून द्यावा, तपासणी जिल्ह्याने करावी, पण माप आणि शिलाई गावाच्या हातून कधीही काढून घेऊ नये. यात तत्त्वाचा आणि सोयीचा विरोध नाही; दोहोंचा कौल एकच आहे.

गणवेशाविना मूल शिकू शकते; शिक्षकाविना शिकू शकत नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हे कायद्याचे प्रमाण आहे, आणि त्याचा अर्थ असा की हजारो शाळांतून दोन माणसे पाच वर्ग सांभाळतात. त्यांतील एकाची बदली झाली आणि दुसरा रुजू झाला नाही, तर एकच माणूस पाच वर्ग, आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहितीचे तक्ते आणि तालुक्याच्या बैठका यांच्यात विभागला जातो. मग शेजारच्या शाळेतील एखाद्याला ‘कामगिरीवर’ पाठवून तेथली शाळा अर्धी रिकामी करण्यात येते. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने करण्याचे ठरले, अवघड क्षेत्रात अनेक वर्षे काढलेल्यांना न्याय मिळण्याची वाट मोकळी झाली आणि शिफारशींचा बाजार पुष्कळ आटला; ही मोठी सुधारणा होती. पण न्याय्य बदलीसुद्धा वेळेवर झाली तरच मुलांच्या दृष्टीने न्याय्य ठरते. याद्या, हरकती, दुरुस्त्या आणि न्यायालयीन स्थगिती यांत मे महिना सरून प्रक्रिया पावसाळ्यात शिरली, की पहिल्या दिवशी मुलांना फूल देऊन शाळेत घेणाऱ्या गुरुजींना महिन्याभराने कार्यमुक्त व्हावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला शाळेचा अर्थ शिक्षकाच्या चेहऱ्यावरून कळतो, इतकी साधी गोष्ट बदल्यांच्या वेळापत्रकात कोठे तरी लिहून ठेवली पाहिजे. ३१ मेनंतर कोणत्याही शिक्षकास चालू वर्षात हलवू नये, आणि त्या तारखेपर्यंत जी प्रक्रिया पुरी होणार नाही ती पुढील वर्षावर जावी, असा कडक दंडक घालण्यात शिक्षकांच्या हक्काला बाध येतो असे मला वाटत नाही.

आता पटाच्या प्रश्नाकडे वळू, कारण शिक्षकांची पदे पटावर ठरतात आणि पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या गावांत या तारखेला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. सप्टेंबरअखेर ही कुटुंबे घरीच असतात, म्हणून मुले पटावर असतात व हजेरीतही असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीच्या आगेमागे ती कारखान्यांकडे निघतात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. १५ जूनला ज्या मुलांच्या हाती नवी पुस्तके पडतात त्यांतील कित्येकांचे शैक्षणिक वर्ष प्रत्यक्षात साडेचार महिन्यांचे असते. उरलेला काळ कोणी उसाच्या फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतो, कोणी आजीपाशी राहून गावच्या हंगामी वसतिगृहात जेवतो, कोणी कारखान्याच्या परिसरातील शाळेत शिक्षण हमीपत्रक घेऊन जाऊन बसतो. ही साधने उपयुक्त आहेत, आणि ती चालविणाऱ्या शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी असंख्य मुले वाचविली आहेत. परंतु वेळापत्रक ठरविण्याचा जो अधिकार नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाला दिला आहे, तो या जिल्ह्यांनी का वापरू नये? जून ते ऑक्टोबर या महिन्यांत सणांच्या व इतर सुट्ट्या कमी करून, शाळेचे तास वाढवून, भाषा आणि गणित यांचा वर्षाचा गाभा या मुलांसाठी आधी पुरा करता येईल. परतल्यानंतर मे महिन्यात त्यांच्यासाठी वर्ग चालवून शिक्षकांना त्याची बदली सुट्टी हिवाळ्यात देता येईल. पहिली ते पाचवीसाठी दोनशे दिवस आणि आठशे तास हे कायद्याचे किमान आहे; ते वर्षात कोठे बसवावे हे सबंध राज्याला एकाच परिपत्रकाने सांगण्याची आवश्यकता नाही.

हीच गोष्ट गडचिरोलीच्या दक्षिण भागात वेगळ्या कारणाने खरी आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि असे एका पावसाळ्यात अनेकदा घडते. जेथे पाऊस हाच रस्त्याचा मालक आहे, तेथे पुस्तके, तांदूळ आणि शिक्षक हे तिन्ही पाऊस पडण्यापूर्वी गावात असले पाहिजेत, आणि राज्याच्या इतर भागांत पंधरा दिवसांचा उशीर ज्या सहजतेने माफ होतो तितक्या सहजतेने तो येथे होता कामा नये. एकच तारीख बीडला, भामरागडला आणि रत्नागिरीला सारख्याच रीतीने लागू करणे ही वरवरची समता आहे. खरी समता प्रत्येक मुलाला वर्षाच्या शेवटी सारखे शिकलेले पाहते, आणि त्यासाठी आरंभ वेगळा करावा लागला तर तो करते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची संख्या राज्यात पंधरा हजारांच्या घरात आहे. इतक्या विखुरलेल्या शाळा दरवर्षी वेळेवर व पूर्ण तयारीनिशी उघडणे कोणत्याही जिल्ह्याला परवडणारे नाही, तेव्हा त्या एकत्र करून मुलांसाठी वाहनाची सोय करावी आणि त्यांना मोठी, सुसज्ज शाळा द्यावी, असा विचार २०२३ मध्ये समूहशाळांच्या रूपाने पुढे आला. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक मिळतात, मुलांना समवयस्क सोबती मिळतात, खेळाला मैदान मिळते, हे मी नाकारीत नाही. पण पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे जे प्रमाण ठरले, ते लहान मुलीच्या पायांच्या आणि तिच्या आईच्या मनाच्या मापाने ठरलेले आहे. वस्तीवरून सकाळी निघणारी गाडी पावसात आली नाही, अथवा वाहनाचे अनुदान थकले, तर पहिल्याने घरी बसते ती मुलगी. कोठारी आयोगाने १९६६ साली आपल्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक होते. जवळच्या शाळांनी एकमेकींची साधने, ग्रंथालय, प्रयोगसाहित्य आणि शिक्षकांचे कौशल्य वाटून घ्यावे, असा त्या कल्पनेचा गाभा आहे. लहान शाळा बंद न करता तिला मोठ्या शाळेचे सामर्थ्य मिळवून देण्याची वाट त्यात आहे. फिरायचे असेल तर शिक्षकाने आणि पेटीतल्या पुस्तकांनी फिरावे. सहा वर्षांच्या मुलाला फिरवू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि शाळेचे जूनमध्ये. या अडीच महिन्यांचा खरे तर लाभ व्हावयास हवा होता, कारण नव्या अंदाजपत्रकातील रक्कम शाळा उघडण्यापूर्वी हाती येण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे. प्रत्यक्षात तीस मुलांच्या आतील शाळेस वर्षाला मिळणारे दहा हजार रुपयांचे संयुक्त अनुदान पुष्कळदा आर्थिक वर्ष संपत आले असता जमा होते, मार्चअखेरपूर्वी खर्ची घालावे लागते, आणि जूनमधील खडू, वीजबिल व दुरुस्ती मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भागवितात, असा सर्वत्र ऐकू येणारा अनुभव आहे. शाळा व्यवस्थापन समितीने तयार केलेला विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार असावा असे कायद्याचे बाविसावे कलम स्पष्ट सांगते. हा आराखडा बहुतेक ठिकाणी तपासणीच्या दप्तरात ठेवण्यापुरता भरला जातो. त्याला खऱ्या मागणीपत्राचा दर्जा दिला आणि मंजूर रकमेचा निम्मा भाग मे महिन्यात शाळेच्या खात्यात जमा करण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घेतले, तर जूनमधील निम्म्या उणिवा उद्‌भवणारच नाहीत.

आणि देणे चुकले तर काय? बत्तिसाव्या कलमाने पालकाला स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करण्याचा हक्क दिला आहे आणि निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत घातली आहे. जूनमध्ये पुस्तक न मिळालेल्या मुलाच्या बापाला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उत्तर मिळाले तरी कायद्याचे पालन झाले असे होते, म्हणून केवळ या मार्गावर विसंबता येत नाही. शिवाय २०२२ पासून काही वर्षे बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडून आलेल्या सदस्यांवाचून प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या संस्थेला कायदा उत्तरदायी धरतो, तिच्यात जनतेने पाठविलेले कोणी नव्हते, ही गोष्ट शाळांच्या दृष्टीने किती हानिकारक झाली याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. निवडून आलेल्या सभागृहांनी पहिला शिरस्ता असा पाडावा : दरवर्षी मेअखेरच्या सर्वसाधारण सभेपुढे शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळावार यादी ठेवावी, तीत शिक्षक रुजू आहेत काय, पुस्तके व गणवेश पोचले काय, छप्पर, पाणी व स्वच्छतागृह ठीक आहे काय, आणि नसल्यास कोणत्या तारखेस कोण ते पुरे करणार, एवढेच असावे, त्या यादीतील आपल्या शाळेच्या ओळीवर गावच्या व्यवस्थापन समितीने सही करावी, किंवा वस्तुस्थिती वेगळी असेल तर ती नाकारावी. ज्या गावांनी सही नाकारली त्यांची नावे यादीच्या शिरोभागी घ्यावीत, आणि प्रवेशोत्सवासाठी जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी १५ जूनला त्याच गावी जावे.